आक्का, हा दम वयाचा नाही
फुप्फुसात हवेची देवाणघेवाण कशी होते, आणि ती कुठे अडते

वर्षावासात विहारात वाचनाला मंडळी जमतात तेव्हा एक गोष्ट दर वेळी दिसते. मुळशीच्या पश्चिम अंगाला, ताम्हिणीकडे जाल तसं, जमीन कुठे सपाट नाहीच. विहारही चार पायऱ्या उंचावर. साठीतल्या बाया वर आल्या की दाराशी खांब धरून मिनिटभर थांबतात. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "वय झालं बाबा." पण तिच्याच वयाची, पुण्यात तीस वर्षं गॅसवर स्वयंपाक केलेली बहीण पाहुणी म्हणून आली, तर ती बोलत बोलत वर येते.

म्हणजे वय दोघींचं सारखंच. फरक आहे छातीतल्या एका पातळ पडद्याचा. त्या पडद्यावर चूल काय करते, बंद खोलीतली शेगडी काय करते आणि मैल्याच्या टाकीतली हवा काय करते, हे कळायचं तर आधी तो पडदा निरोगी असताना काय काम करतो ते पाहू.

आनापान करताना आपण श्वास नाकपुडीशी पाहतो. तिथे तो जाणवतो, पण खरं काम तिथे होत नाही. एका साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. ती मोठ्या श्वासनळीतून खाली उतरते. नळीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ, अशी जवळपास 23 वेळा फूट पडत जाते. झाड उलटं टांगल्यासारखा हा पसारा असतो. शेवटच्या फांद्यांना द्राक्षाच्या घडासारखे इवले फुगे लगडलेले असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे 30 ते 50 कोटी वायुकोश असतात. सगळे उलगडून अंथरले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. वस्तीतली आपली खोली दहा बाय बाराची धरली तर तशा सहा खोल्या. एवढी जागा तुमच्या बरगड्यांच्या आत घडी घालून ठेवलेली आहे.

प्रत्येक वायुकोशाभोवती रक्ताच्या अगदी बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मध्ये जो पडदा आहे तो केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. या पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. त्यासाठी पंप नाही, झडप नाही. मग तो जातो कसा?

आपल्याकडची भातखाचरं आठवा. वरच्या खाचरात पाणी भरलेलं, खालच्यात कमी. बांधाला तोंड पाडलं की पाणी आपोआप खाली येतं, कुणाला घागरीने वाहून न्यावं लागत नाही. वायूचंही तसंच आहे, फक्त इथे उंचीऐवजी दाब मोजायचा. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब सुमारे 100 असतो. शरीरभर फिरून थकून आलेल्या रक्तात तो 40 असतो. म्हणून ऑक्सिजन हवेतून रक्तात उतरतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात 46 आणि हवेत 40 असतो, म्हणून तो उलट दिशेने येतो. त्याच्या बाबतीत फरक फक्त सहाचा, पण तो ओलाव्यात ऑक्सिजनच्या वीसेक पट सहज विरघळतो, त्यामुळे तेवढ्या उतारावरही त्याचं भागतं.

सगळा ऑक्सिजन आपण वापरूनही टाकत नाही. आत जाणाऱ्या हवेत तो 21 टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेत 16 टक्क्यांच्या आसपास उरतो. पाण्यात बुडून श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास देतात तो याच उरलेल्या हवेवर चालतो.

रक्तात उतरलेला ऑक्सिजन तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन उचलून नेतं. त्याच्या प्रत्येक कणावर चार जागा असतात, एसटीतल्या बाकांसारख्या. आता आक्काच्या दमाचं उत्तर इथेच आहे. आपण बसलेलो असतो तेव्हा तांबडी पेशी वायुकोशाच्या थांब्यावर सुमारे पाऊण सेकंद असते. निरोगी पडद्यातून ऑक्सिजन चढायला पाव सेकंद पुरतं. म्हणजे गाडी भरली तरी अर्धा सेकंद थांब्यावर उभीच. चढ चढताना, डोक्यावर हंडा घेतल्यावर हृदय जोरात रक्त ढकलतं आणि थांबा लहान होतो. पडदा पातळ असेल तर तेवढ्यातही गाडी भरते. पडदा जाड झाला असेल, त्यावर सूज असेल, वायुकोश कमी उरले असतील, तर बसल्या जागी काहीच जाणवत नाही आणि पायऱ्यांवर मात्र गाडी अर्धी रिकामी निघते. म्हणून फुप्फुसाचा आजार आधी चढावर दिसतो. घरात बसून दम लागायला लागतो तोपर्यंत राखीव सगळं संपलेलं असतं.

चुलीचा धूर

पावसाळ्यात मुळशीत सरपण कधी पुरतं वाळत नाही. पाऊस आडवा येतो म्हणून दार लावलेलं, खिडकीला पोतं लावलेलं. ओलं लाकूड जळत नाही, ते धुमसतं. बाई फुंकणी घेऊन तोंड चुलीजवळ नेते आणि फुंकून झाल्यावर जो खोल श्वास घेते, तो नेमका धुरातला. लहानगं मांडीवर किंवा पाठीशी असतं, तेही तीच हवा ओढतं.

धुराचे मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. नळ्यांच्या आतल्या बारीक केसांचा झाडू ते कफात गुंडाळून वर ढकलतो. अगदी बारीक कण मात्र थेट वायुकोशापर्यंत पोहोचतात, आणि तिथे झाडू नाही. तिथे राखण करणाऱ्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि त्या झटापटीत पडद्यालाच इजा होते. रोज दोनदा, चाळीस वर्षं असं चाललं की दोन गोष्टी होतात. नळ्या सुजून अरुंद होतात, आणि वायुकोशांमधल्या भिंती तुटून दहा लहान फुग्यांचा एक मोठा ढिला फुगा होतो. सहा खोल्यांच्या मधल्या भिंती पाडल्या तर लिंपायला भिंत किती उरेल? हवा तेवढीच मावते, पण देवाणघेवाणीची जागा घटते. तुटलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही. या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात.

हा आजार फार काळ विडी-सिगारेटवाल्यांचाच मानला गेला. 2009 मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत धूम्रपान न करणाऱ्यांतल्या सीओपीडीवर लेख लिहिला. जगात या आजाराचा मोठा वाटा धूम्रपान कधीच न केलेल्यांचा आहे आणि त्यात चुलीच्या धुराचं स्थान फार वरचं आहे, हे त्यांनी ठळकपणे मांडलं. आपल्या आया-आज्यांना हे ठाऊक होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि वस्तीत शेगड्या आल्या. पण पुष्कळ घरांत आजही चहा गॅसवर, आणि भाकरी व अंघोळीचं पाणी चुलीवर. याला बायांची सवय कारण, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. टाकी भरून आणायला एकरकमी पैसे लागतात आणि मजुरी रोजची असते, हे साधं गणित आहे. तेव्हा चूल पूर्ण सुटत नसेल तर निदान एवढं बघा. सर्वांत जास्त लाकूड पाणी तापवायला जळतं, ती चूल घरात नको, पडवीत किंवा मागच्या दारी छपराखाली. पावसाआधी आठवड्यापुरतं सरपण आढ्याखाली कोरडं करून ठेवावं. भांड्यावर झाकण ठेवलं की जाळ कमी लागतो. चुलीवर धुराडं असेल तर ते काजळीने बुजलं नाही ना हे पाहावं. पाच वर्षांच्या आतलं मूल धुरात नको, कारण धुरातल्या मुलांना न्यूमोनिया जास्त होतो, आणि न्यूमोनियात वायुकोश पाण्या-पुवाने भरून देवाणघेवाणच थांबते. आणि मच्छर अगरबत्ती दारं लावून रात्रभर जाळणं म्हणजे उशाशी लहान चूल पेटवणंच.

बांधकामावर टाईल आणि ग्रॅनाईट कापणाऱ्या भावांनाही हे लागू आहे. त्या पांढऱ्या धुळीतला सिलिका पडद्यावर व्रण उठवतो आणि व्रणाची कातडी जाड असते. पाण्याची धार सोडून कापलं की धूळ बरीच खाली बसते. ठेकेदाराला वेळ लागतो म्हणून तो नको म्हणतो, तो भाग निराळा.

वास नसलेला मारेकरी

थंडीत किंवा मुसळधार पावसात कोळशाची शेगडी घरात घेऊन दार लावून झोपायची रीत अजून आहे. धूर दिसत नाही, निखारे छान फुललेले असतात, म्हणून धोका नाही असं वाटतं. पण कोंडलेल्या जागी कोळसा पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो पडद्यातून ऑक्सिजनइतक्याच सहज आत जातो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. एसटीच्या सगळ्या बाकांवर तो बसून राहतो आणि उठत नाही. गाडी भरलेली दिसते, पण ज्याला न्यायचं तो थांब्यावरच.

खूण अशी की घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, पायांत त्राण नाही असं होतं आणि बाहेर मोकळ्यात गेल्यावर बरं वाटतं. असं झालं तर दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि 108 ला फोन करा. झोपलेल्या माणसाला मात्र ही खूण कळतच नाही. सकाळी दार फोडल्यावर घरचे निपचित सापडले की वस्तीत करणीची कुजबुज सुरू होते. करणी नसते, शेगडी असते. न्हाणीघरातला गॅस गिझर आणि खोलीतला जनरेटर हेही त्याच जातीचे.

इथे एक सावधगिरी. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आलं आहे. ते रक्ताचा रंग पाहून अंदाज करतं. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही लालच असतं, त्यामुळे माणूस मरणाच्या दारात असताना ते 98 दाखवू शकतं. रक्त कमी असलेल्या बाईचंही तसंच. आकडा सांगतो की गाड्या भरलेल्या आहेत, गाड्या मुळात किती आहेत ते सांगत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून दमाच्या तपासणीत हिमोग्लोबिन पाहायला सांगाच. शिवाय 2020 मध्ये अमेरिकेत असं दिसून आलं की काळ्या कातडीच्या रुग्णांत हे यंत्र ऑक्सिजन आहे त्याहून जास्त दाखवण्याची चूक गोऱ्यांपेक्षा बरीच अधिक करतं.

शरीराची घंटा कशासाठी वाजते

श्वास रोखून धरा. थोड्या वेळाने जो जीव कासावीस होतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे, असं आपल्याला वाटतं. खरं तर मेंदूतली घंटा मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वाजते. ऑक्सिजन कमी होत गेला पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहिला, तर घंटा वाजत नाही किंवा फार उशिरा वाजते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेलेली माणसं फोनवर नीट बोलत होती ती यामुळेच. म्हणून तेव्हा सहा मिनिटं चालवून पुन्हा ऑक्सिजन मोजायला सांगत होते.

मैल्याच्या टाकीत हेच जीव घेतं. हिंजवडी-माणपासून भूगाव-पिरंगुटपर्यंत सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या टाक्या आणि चेंबर साफ करायला कुणाला उतरवतात हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. बंद टाकीत कुजणाऱ्या घाणीतून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात आणि ऑक्सिजन घटतो. खाचर पुन्हा आठवा. वायुकोशातला ऑक्सिजनचा दाब रक्तातल्या 40 च्या खाली गेला, तर उतार उलटा होतो आणि रक्तातला उरलासुरला ऑक्सिजन फुप्फुसातून बाहेर जाऊ लागतो. प्रत्येक श्वासाबरोबर माणूस रिकामा होत जातो. म्हणून तो ओरडतही नाही, दोन-चार श्वासांत कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो हे खरं, पण तो जास्त असला की नाकच बधिर होतं. "वास गेला, आता उतरायला हरकत नाही" हे वाक्य फार घातक आहे. काडी पेटवून पाहणं त्याहून घातक, मिथेन भडकतो.

एक पडला की त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. बातम्यांत दोन-तीन नावं एकदम येतात ती अशी. वरून दोर बांधून ओढा, अग्निशमन दलाला बोलवा, पण हवेच्या नळकांड्याशिवाय कुणी आत जाऊ नका, सख्खा भाऊ असला तरी. खरं तर माणूस उतरण्याची वेळच यायला नको. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख ठरवली होती, 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती किमान 30 लाख केली. कुणी पाच-पन्नास हजारांत मिटवायला आलं तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

उरवडे आपल्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. 7 जून 2021 च्या दुपारी तिथल्या एसव्हीएस अ‍ॅक्वा टेक्नॉलॉजीज या पाणी शुद्ध करण्याची क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं बनवणाऱ्या कंपनीत आग लागली. 17 कामगार गेले, त्यांतल्या 15 बाया. ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली.

बंदिस्त जागेतल्या आगीत माणूस पुष्कळदा ज्वाळा पोहोचण्याआधीच धुराने पडतो. जळत्या प्लास्टिकच्या आणि फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, काही वेळा सायनाइडचा वायूही. एक वायू गाडीतल्या जागा अडवतो, दुसरा पेशीला आलेला ऑक्सिजन वापरू देत नाही. तापलेला धूर वर जातो, म्हणून खाली वाकून, गरज पडली तर रांगत निघायचं. ओला रुमाल कण थोडे अडवतो, वायू अडवत नाही, त्याच्या भरवशावर सामान घ्यायला मागे फिरू नये. पिरंगुटकडे कामाला जाणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी दुसरं दार कुठे आहे आणि ते कुलूपबंद असतं का, हे पाहून ठेवावं. आगीतून सुटण्याचे मार्ग मोकळे ठेवणं कायद्याने मालकाचं काम आहे. एकटीने विचारलं तर बोलून घ्यावं लागतं, दहा जणींनी मिळून विचारावं.

आता पुन्हा पायऱ्यांकडे. पुढच्या पौर्णिमेला चढताना नीट मोजा, न थांबता किती पायऱ्या झाल्या. गेल्या वर्षीपेक्षा कमी होत असतील, सपाटीवर बरोबरीच्या बायांच्या मागे पडत असाल, सकाळी कफाचा खोकला महिनोन्‌महिने जात नसेल, तर पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर आधी थुंकीची टीबी तपासणी, ती सरकारी दवाखान्यात मोफत असते. मग फुंकर मारायची तपासणी कुठे होईल ते विचारा, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. नळ्या किती अरुंद झाल्या ते तिच्यात कळतं. क्ष-किरणाचा फोटो सुरुवातीला साफ दिसू शकतो. औषध ओढायचं पंपातून दिलं तर घाबरू नका. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. गोळीपेक्षा थोडं औषध थेट नळीत पोहोचतं, एवढंच.

दवाखान्यात केसपेपरवर विचारतील, विडी ओढता का? तिथे "नाही" म्हणून गप्प बसू नका, आक्का. चूल किती वर्षं फुंकली तेही लिहून घ्यायला लावा.